हातात किती पडतात? : आरोग्यसेवेतली माणसे आणि त्यांचा मोबदला या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबईच्या नाहूर स्टेशनात फक्त स्लो गाड्या थांबतात. सकाळी पावणेसातच्या सुमारास कल्याणकडून आलेल्या गाडीतून उतरून जी गर्दी पुलावर चढते, तिच्यात काही जणी नेमक्या ओळखू येतात. केस चापून बांधलेले, पायात आवाज न करणारे बूट, पाठीवर सॅक, आणि चालीत सातच्या हजेरीची घाई. तासाभराने त्याच पुलावर उलट दिशेने रात्रपाळीवाल्या येतात. त्यांना घाई नसते. पाय ओढत चाललेल्या असतात. कोणी कळव्याची, कोणी दिव्याची, कोणी थेट बदलापूरची.

या पुलापासून फार दूर न जाता आरोग्यसेवेचे सगळे नमुने पाहायला मिळतात. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवर फोर्टिससारखे मोठे खासगी रुग्णालय, लाल बहादूर शास्त्री मार्गावर कामगार विमा योजनेचे रुग्णालय, मुलुंडमध्ये महापालिकेची रुग्णालये, थोडे दूर घाटकोपरचे राजावाडी. मधल्या गल्ल्यांत पहिल्या मजल्यावरची नर्सिंग होम, पॅथॉलॉजी लॅब, डायलिसिस सेंटर, फिजिओथेरपीच्या खोल्या. बरे व्हायला आलेल्या माणसाची नोंद इथे प्रत्येक खिडकीवर होते. बरे करणाऱ्यांची नोंद मात्र विखुरलेली, अर्धवट, आणि कित्येकदा परस्परविरोधी आहे.

ही माणसे कोण आहेत आणि त्यांच्या हातात किती पडतात, हे दोन प्रश्न या अभ्यासशाखेचे घर आहेत. पहिला लोकसंख्याशास्त्राचा मानला जातो, दुसरा अर्थशास्त्राचा, आणि बहुतेक ठिकाणी ते वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात. मी संख्याशास्त्र शिकवत असताना ते असेच वेगळे शिकवले. ते एकच आहेत हे मला एका पगाराच्या स्लिपने शिकवले.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी जीएनएम ही परिचारिकेची पदविका करून एका खासगी रुग्णालयात लागली होती. दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी ती स्लिप घेऊन आली. "काकू, तुम्ही आकडे शिकवायच्या ना? हे जरा बघा. माझ्याबरोबर जो ब्रदर लागला, त्याचा बेसिक माझ्याएवढाच. पण त्याचे दोनशे रुपये जास्त कापतात. माझं काही चुकून राहिलंय का? मागाहून एकदम कापतील का?" स्लिप पुढे केली तेव्हा तळाच्या बेरजेवर तिचा अंगठा होता. पगार दाखवायचा संकोच आपल्याकडे जुना आहे, म्हणून मीही अंगठा उचल म्हटले नाही.

दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्सचे होते. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. स्त्रियांना मात्र एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे. म्हणजे तिच्या स्लिपवर ती ओळ कोरी असण्यातूनच कळत होते की पगार २५,००० च्या आत आहे. त्याखालची ओळ ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची होती, पगाराच्या ०.७५ टक्के. कामगार विम्याची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. म्हणजे पगार त्याच्याही आत. अंगठा जागेवरून हलला नव्हता, तरी दोन कपातींनी बरेच काही सांगून टाकले होते.

ती मर्यादा मनात राहिली, त्याचे कारण वेगळे. मुलीचे वडील भांडुपच्या एका कंपनीत होते. त्या काळी ईएसआयचे कार्ड त्यांचे स्वतःचे होते. लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून बंद झाले, तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले, वडिलांची कंपनीही गेली आणि कार्डही गेले. मुलगी नर्स झाली तेव्हा तिच्या कार्डावर अवलंबित म्हणून वडिलांचे नाव चढले. आता ती दिवसभर एका रुग्णालयात लोकांची इन्सुलिनची इंजेक्शने भरत होती, आणि वडिलांचे इन्सुलिन मात्र दुसऱ्या, मुलुंडच्या कामगार रुग्णालयातून येत होते. आरोग्यसेवेत काम करणारी व्यक्ती स्वतः आजारी पडली की कुठे जाते, हा प्रश्न मी तोवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नव्हता. नव्या अभ्यासकाने मोजमापाची सुरुवात याच प्रश्नाने करावी, असे मला मनापासून वाटते.

आता शब्दांकडे वळू. मोबदल्यासाठी मराठीत एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि रुग्णालयाच्या एका खाटेभोवती ते सगळे जमतात. कायम नोकरीतल्या सिस्टरला वेतन. खासगीतल्या सिस्टरला पगार. रात्री ड्युटीवर असलेल्या निवासी डॉक्टरला विद्यावेतन. राउंडला येणाऱ्या तज्ज्ञाला फी. खालची फरशी पुसणाऱ्या मावशीला कंत्राटदाराकडून रोज. घरी गेल्यावर बाळाचे वजन करायला येणाऱ्या आशाताईला मानधन. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येक शब्द त्या माणसाला एका कायद्याच्या आत घेतो आणि दुसऱ्या कायद्याच्या बाहेर ठेवतो. कोणता शब्द कोणाच्या वाट्याला आला, हे त्या व्यक्तीचे वय, स्त्री की पुरुष, जात, गाव आणि शिक्षणाचा खर्च यांवरून पुष्कळ अंशी ठरते. लोकसंख्याशास्त्र आणि वेतन यांची गाठ इथे पडते. या प्रस्तावनेत मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. पुढचे सगळे त्याचा विस्तार.

मानधन हा शब्द आधी घेऊ, कारण त्यात मान आहे आणि धन कमी आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, तेव्हा आशा ही गावातलीच स्त्री असेल आणि ती स्वयंसेविका असेल, असे ठरले. आशा स्त्रीच असते. हे योजनेच्या व्याख्येतच आहे. स्वयंसेविका म्हटल्यामुळे ती कर्मचारी ठरत नाही, आणि कर्मचारी नाही म्हणून किमान वेतनाचा प्रश्न येत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी त्यानंतरही आझाद मैदानात बसावे लागले. मुंबईत हेच काम वस्त्यांमध्ये महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका करत आल्या आहेत. भांडुपच्या डोंगरउतारावरच्या चाळीत क्षयरोगाच्या रुग्णाने गोळ्या घेतल्या की नाही, हे पाहायला चढून जाणारी बाई ती. कोविडच्या पहिल्या महिन्यांत घरोघरी ताप मोजायला तीच गेली. तिच्या नावातही स्वयंसेवा आहे.

आता याच व्यवस्थेचे दुसरे टोक पाहा. ग्रामीण रुग्णालयांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानाने एक पद्धत आणली: तज्ज्ञाने आपला आकडा सांगावा, सरकार तो देईल. इंग्रजी कागदांत तिचे नावच ‘यू कोट, वी पे’ असे आहे. केंद्राच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची सुमारे ८० टक्के तूट होती, तेव्हा ही निकड समजण्यासारखी आहे. मला यात तज्ज्ञांचा दोष दिसत नाही. पण एकाच अभियानात एकाला आपली किंमत स्वतः सांगता येते आणि दुसरीची किंमत तिच्या नावातच ठरून जाते, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. हा अभ्यास पुष्कळदा असे कागद शेजारी ठेवण्याचेच काम करतो.

हे शब्द आले कुठून, याचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. गावगाड्यात सुईण होती. कित्येक गावांत ती मातंग समाजातली असे, कारण बाळंतपणातला विटाळ वरच्या जातींना नको होता. तिला धान्य, लुगडे, चोळीचा खण मिळे. पैशात मोबदला क्वचित. पुढे रुग्णालये आली, पण विटाळाची कल्पना गेली नाही, म्हणून परिचारिकेच्या कामात दीर्घकाळ ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियाच जास्त दिसत राहिल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांनी हिंदू घरांतल्या मुली आणि विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवल्या; त्यासाठी समजुतीची लढाई त्यांना घरोघरी लढावी लागली. केरळमधून पुढे मुंबईत आलेल्या हजारो सिस्टर त्या आधीच्या ख्रिस्ती धाग्याचे दुसरे टोक. आजही वॉर्डात ‘सिस्टर’ ही हाक कॉन्व्हेंटची आठवण ठेवून आहे. ज्या कामाला सेवा म्हटले जाते, त्याचा भाव करणे अशोभनीय ठरते; परिचारिकांच्या पगारावर या समजुतीची सावली शंभर वर्षे पडलेली आहे.

डॉक्टरांची बाजू निराळी. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूक झाली. पद मिळाले, रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, स्त्रियांसाठी आणि स्त्री डॉक्टरांच्या हाती. स्त्री डॉक्टर हवी होती ती स्त्री रुग्णासाठी, ही अट सुरुवातीपासून होती. आज एमबीबीएसच्या वर्गात मुली निम्म्याच्या आसपास दिसतात, पण पुढे त्यांतल्या किती जणी अस्थिरोग किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे जातात आणि किती जणी स्त्रीरोग, बालरोग, पॅथॉलॉजीकडे वळतात, हे पाहिले की १८८६ ची ती अट अजून काम करताना दिसते. शाखांच्या कमाईतला फरक याच वाटणीवर चढतो.

मोजणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नवा अभ्यासक सर्वांत आधी अडखळतो तो इथेच. ‘देशात नर्स किती?’ या साध्या प्रश्नाची तीन प्रामाणिक उत्तरे असू शकतात. एक, परिषदेच्या नोंदवहीतली नावे. ही वही वाढत जाते. लग्नानंतर काम सोडलेली, दुबईला गेलेली, वारलेली, सगळ्यांची नावे तिच्यात राहू शकतात. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरांकडून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेते, तरी नोंद असणे म्हणजे काम करत असणे नव्हे. दोन, जनगणना. तिथे माणूस स्वतः सांगेल तो व्यवसाय लिहिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांनी २००१ च्या जनगणनेचा हा मजकूर जिल्हावार उलगडला. त्यात स्वतःला ॲलोपॅथिक डॉक्टर म्हणवणाऱ्यांपैकी ५७.३ टक्के लोकांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती. लोकसंख्येतला शहरी वाटा २७.८ टक्के असताना आरोग्यसेवकांपैकी ५९.२ टक्के शहरांत होते. तीन, नमुना पाहणी. अनुप करण आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात २०१८ सालचा नोंदणीकृत आकडा ५७.६ लाख आरोग्यसेवकांचा आहे. पण २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत प्रत्यक्ष काम करणारे ३१.२ लाखच सापडले. पुरेशी पात्रता असलेले तेवढेच धरले तर दर दहा हजार लोकांमागे डॉक्टर ५ आणि परिचारिका व प्रसविका ६ उरतात.

सत्तावन्न-अठ्ठावन्न लाख आणि एकतीस लाख यांच्यामधली ही पोकळी हा माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा ऐवज आहे. तिच्यात कोण कोण आहे? परदेशी गेलेल्या, घरी बसलेल्या, दुसरेच काम करणाऱ्या, आणि काही या जगात नसलेल्या. नाहूरच्या आमच्या एका इमारतीत मला परिचारिकेचे प्रशिक्षण घेतलेल्या तीन बायका माहीत आहेत, ज्या आज ते काम करत नाहीत. एकीने मूल झाल्यावर रात्रपाळी जमेना म्हणून सोडले, एक शाळेत क्लार्क आहे, एक घरून डबे देते. तिघींची नावे वहीत असतील. तूट भरून काढायची म्हणून नवी नर्सिंग कॉलेजे काढण्याआधी या तिघींना कोणी विचारायला हवे होते.

जिथे ही मोजणी शिकता येते अशी देशातली प्रमुख संस्था मुंबईच्याच उपनगरांत आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून लोकसंख्याशास्त्रज्ञ घडवते आहे, आणि तिच्यापासून जवळच टाटा समाजविज्ञान संस्था आहे. मुंबईत सेहत आणि पुण्यात साथी या संस्थांनी खासगी आरोग्यक्षेत्राचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. अरुण गद्रे यांनी प्रामाणिक डॉक्टरांच्या मुलाखतींतून ‘कैफियत’ लिहिले, तेव्हा कमिशन आणि कटप्रॅक्टिसबद्दल डॉक्टर स्वतः बोलले. कोरड्या आकड्यांपेक्षा असे बोलणे कधी कधी अधिक शिकवते.

फी या शब्दाकडे त्यामुळेच सहानुभूतीने पाहायला हवे. मुंबईत ज्याला आपण रुग्णालयाचा डॉक्टर समजतो, तो बहुतेकदा रुग्णालयाचा नोकर नसतो. तो ‘अटॅच’ असतो. काहींना मिनिमम गॅरंटी असते, पुढे टक्केवारी; बाकीच्यांना जेवढे रुग्ण तेवढे पैसे. त्याच्या उत्पन्नावर पगाराचा नव्हे तर व्यावसायिक शुल्काचा कर, १० टक्के, आधीच कापला जातो. भरपगारी रजा नाही, फंड नाही, बाळंतपणाची रजा नाही. वयाच्या तिशीपर्यंत शिकत राहिलेली एखादी तरुण भूलतज्ज्ञ सकाळी मुलुंडला, दुपारी भांडुपला, रात्री अचानक विक्रोळीला सिझेरियनला पळते. तिने सहा महिने सुटी घेतली तर तिची जागा दुसरा भरतो, आणि परत आल्यावर शल्यचिकित्सकांचे फोन त्या दुसऱ्याला जात असतात. इंग्लंडमध्ये २०२० साली जेन डेकर यांच्या अध्यक्षतेखालील पाहणीत रुग्णालयातल्या स्त्री डॉक्टर पुरुषांपेक्षा १८.९ टक्के कमी कमावतात असे निघाले, तेही सगळ्यांच्या वेतनश्रेण्या ठरलेल्या असताना. आपल्याकडे श्रेणीच नाही, तिथे ही तफावत मोजायलाही धागा सापडत नाही.

विद्यावेतनाचे तसेच. निवासी डॉक्टर विद्यार्थी, म्हणून त्याला वेतन नाही. आणि विद्यार्थी म्हणूनच त्याचे तास कोणी मोजत नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या संपांच्या बातम्या वाचणाऱ्याला हे तास किती पाळले जातात ते सांगायला नको. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री जो ‘आरएमओ’ असतो, तो पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला असतो, आणि त्याचा पगार ज्या पदवीने तो काम करतो तिच्या नव्हे, ज्या पदवीने तो ओळखला जातो तिच्या हिशेबाने ठरतो.

कंत्राटी सफाईबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळण्याची तरतूद आहे, आणि सरकारी रुग्णालयांतल्या कित्येक घरांना तिनेच स्थैर्य दिले. कंत्राटीकरणाने कायम पदे आटत गेली तसा तो वारसाही आटला. दुसरीकडे वर राहते घर आणि खाली दवाखाना अशा नर्सिंग होममध्ये मुलगा एमएस, सून डीजीओ, हा वारसा शाबूत आहे. व्यवसाय वंशपरंपरेने कसा चालतो हे जातीच्या चौकटीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हे दोन्ही वारसे एकाच तक्त्यात मांडावेत.

आता सिद्धांत. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचा अभ्यास केला आणि दाखवले की त्या व्यवसायात स्त्री-पुरुषांच्या कमाईतला फरक फार कमी आहे, कारण एका फार्मासिस्टचे काम दुसरा सहज उचलू शकतो. ठरावीक माणूस ठरावीक वेळी हजर असलाच पाहिजे, असे तिथे नाही. हा विचार मला अतिशय आवडतो, पण तो नाहूरला आणून पाहिला तर पुरा पडत नाही. पाळीतली नर्सही एकमेकींची जागा घेते; तरी इथे त्या अदलाबदलीनेच तिचा भाव पडतो, कारण गेटबाहेर दुसरी उभी असते. इथे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली मांडलेली कल्पना जास्त कामाची: विक्रेत्याची मक्तेदारी असते तशी खरेदीदाराचीही असते, आणि श्रमाचे खरेदीदार मोजके असले की मजुरी खाली राहते. २०११ च्या सुमारास मुंबईत आणि केरळमध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी संप केले, तेव्हा मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे आणि बाँड हे मोठे मुद्दे होते. ज्या बाईची मार्कशीट मालकाच्या कपाटात आहे, तिच्यासाठी शेजारी दहा रुग्णालये असली तरी खरेदीदार एकच.

त्या असंतोषातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सुचवले की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारी नर्सइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयाने फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयाने फार तर २५ टक्के कमी, आणि त्याहून छोट्यांनीही २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. केरळने २०१८ मध्ये २०,००० चे किमान वेतन अधिसूचित केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००४ पासून प्रत्येक कामाला सोळा निकषांवर गुण देऊन श्रेणी ठरवली, आणि त्या सोळांत भावनिक श्रम हा एक निकष आहे. माझे वडील एका रुग्णालयात होते तेव्हा रात्री चौदा खाटांना दोन सिस्टर होत्या. पहाटे तीनला शेजारच्या खाटेवरचे आजोबा गेले. त्यातल्या एकीने डोळे मिटवले, मुलाला फोन केला, हात धुतले आणि माझ्या वडिलांचे चारचे इंजेक्शन वेळेवर दिले. बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ची ओळ होती. त्या एका तासाचे गुण कसे लावायचे, हा प्रश्न सोळा निकषांच्या त्या तक्त्यात कोणीतरी निदान विचारला आहे.

वयाबद्दल एकच मुद्दा. सरकारी वॉर्डात दोन सिस्टर शेजारी उभ्या असतात. एक राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, दुसरी नंतर. काम तेच, श्रेणी तीच, पण पहिलीला जुनी पेन्शन आणि दुसरीला नवी. लोकसंख्याशास्त्रात पिढी सहसा जन्मसालावरून मोजतात. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपात रुजू होण्याच्या तारखेवरून मोजलेली जी पिढी रस्त्यावर उतरली होती, तिचा आलेख काढून पाहा. खासगी वॉर्डातला आलेख तर वेगळ्याच आकाराचा येतो: बावीस ते अठ्ठावीस वयाच्या मुलींची रुंद पायरी आणि वर जवळजवळ काही नाही, कारण अनुभव आला की त्या आखातात, इंग्लंडला किंवा सरकारी भरतीकडे निघून जातात.

या विषयात यायला फार मोठी तयारी लागत नाही. बीएस्सी नर्सिंग करणाऱ्या मुलीने यावे, युनियनचे काम करणाऱ्याने यावे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तर यावेच. सरासरीपेक्षा मध्यक पाहायची सवय लावा. एका हृदयशल्यविशारदाने सरासरी कुठल्या कुठे जाते. महिन्यापेक्षा तासाचा हिशेब करा. मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे हे तीन रकाने नेहमी वेगळे ठेवा, आणि आकृतिबंध कोणत्या सालचा आहे ते विचारा; त्यानंतर खाटा किती वाढल्या तेही. माणसांना ‘पगार किती?’ असे विचारू नका. ‘हातात किती पडतात?’ असे विचारा, आणि ते सांगत असताना वही बंद ठेवा.

स्लिपवाली मुलगी गेल्या जुलैत पुन्हा आली. या वेळी अंगठा नव्हता. इन्क्रिमेंट लागून पगार २१,००० च्या वर गेला होता. पेढे आणले होते, आणि कागदावर तारखा मांडलेल्या होत्या. ईएसआयचा वर्गणीचा कालखंड एप्रिल ते सप्टेंबर असतो, म्हणून कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहणार. त्या वर्गणीवर मिळणारी सेवा पुढच्या वर्षीच्या जानेवारी ते जून. म्हणजे ३० जूनपर्यंत वडिलांना मुलुंडला नेता येईल. पंचाहत्तरीच्या मधुमेही माणसाचा मेडिक्लेम किती पडेल, हे तिने दोन ठिकाणी विचारले होते. पगारात वाढलेली रक्कम आणि वर्षाचा तो हप्ता असे दोन आकडे तिने पेनाने एकाखाली एक लिहिले होते. वजाबाकी करायची बाकी होती. "काकू," ती म्हणाली, "वाढ नको असं लिहून देता येतं का?"